स्वनातीत की श्राव्यातीत?

प्रश्न असा आलाय: रेल्वे रुळाच्या पोटातला तडा शोधणाऱ्या अल्ट्रासॉनिक तपासणीला ‘स्वनातीत चाचणी’ म्हणावं का?

नको. स्वनातीत म्हणजे ध्वनीच्या वेगाला मागे टाकणारं, उदाहरणार्थ ब्राह्मोस क्षेपणास्त्र. रुळात सोडतात तो ध्वनीच. पोलादात तो सेकंदाला सुमारे ५,९०० मीटर जातो. हवेतल्या ३४० मीटरपुढे हा वेग प्रचंड वाटतो खरा, पण पोलादात ध्वनीचा वेग तेवढाच असतो. वेगळी असते ती कंपनसंख्या. आपला कान फार तर २०,००० हर्ट्झपर्यंत, म्हणजे सेकंदाला तेवढ्या कंपनांपर्यंत ऐकतो. इथे बहुधा २ ते ५ मेगाहर्ट्झ, म्हणजे २० ते ५० लाख हर्ट्झ लागतात. ऐकण्यापलीकडचा, म्हणून श्राव्यातीत.

एवढी कंपनं कशाला? पोलादात १,००० हर्ट्झच्या लहरीची लांबी जवळजवळ सहा मीटर भरते. बारीकशा तड्याची ती दखलच घेणार नाही. २ मेगाहर्ट्झला हीच लांबी तीन मिलिमीटरवर येते आणि तडा प्रतिध्वनी देतो. तो किती वेळाने परतला यावरून तडा किती खोल ते कळतं. ध्वनी सोडणारा आणि टिपणारा प्रोब आणि रूळ यांच्यामध्ये मात्र पाणी हवं. हवेची नुसती फट राहिली तरी जवळजवळ सगळा ध्वनी तिथूनच माघारी फिरतो.

गंमत म्हणजे हा घोळ मूळ इंग्रजीतलाच. मिशिगन विद्यापीठाच्या फ्लॉइड फायरस्टोन यांना अशा उपकरणाचं पेटंट १९४२ मध्ये मिळालं, आणि त्यांनी त्याचं नाव ठेवलं ‘सुपरसॉनिक रिफ्लेक्टोस्कोप’! तेव्हा सुपरसॉनिक हा शब्द दोन्ही अर्थांनी चालायचा. इंग्रजीने पुढे वाटणी करून घेतली, आपल्याकडे ती अजून पुरती रुजलेली नाही.

बोलताना श्राव्यातीत कोणी म्हणत नाही, म्हणायची गरजही नाही. कारखान्यात ‘वेल्डची यूटी (अल्ट्रासॉनिक टेस्टिंग) झाली का?’ असंच विचारतात, रेल्वेत ‘यूएसएफडी’ (अल्ट्रासॉनिक फ्लॉ डिटेक्शन) म्हणतात. लेखात मात्र पहिल्यांदा ‘श्राव्यातीत ध्वनी’ लिहून पुढे खुशाल अल्ट्रासॉनिक लिहावं. आणि रुळाला तडा ‘जातो’, ‘पडत’ नाही. पडते ती भेग.

जाता जाता: अशा चाचण्यांना ‘अविनाशी चाचणी’ असंही कुणी लिहितं. अविनाशी आत्मा असतो. चाचणीत वस्तूची मोडतोड होत नाही, एवढंच सांगायचं असतं. तेव्हा ‘मोडतोड न करता तपासणी’ लिहिलं तर काय बिघडलं?