स्वयंपाकघरातली जुनी लाकडी कपाटं आणि हॉलची भिंत स्वतः नक्षीने रंगवावी, की सरळ सनमायका लावून घ्यावा?

तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की सुतार म्हणतो, "रंग टिकत नाही, सनमायका मारून घ्या." शिवाय स्टेन्सिल वापरू की हाताने काढू, रंग कुठला घेऊ आणि किती वर्षं टिकेल, असं विचारलंय. सुताराचं ते वाक्य वाचलं आणि राहवलं नाही म्हणून लिहितेय. जवळपास हाच सल्ला २०१९ साली मी माझ्या सख्ख्या मोठ्या भावाच्या तोंडून ऐकला होता.

रंगवा. सनमायका लावू नका. आता का ते सांगते.

आमचं घर सावंतवाडीजवळच्या एका गावात. स्वयंपाकघरात आजीच्या वेळची दोन कपाटं होती. एक दुधातुपाचं, वरच्या अर्ध्या दाराला जाळी आणि खाली फळी, दुसरं भांड्यांचं. घराची वाटणी झाली तेव्हा भांड्यांचं कपाट दादाकडे राहिलं आणि दुधातुपाचं मी डोंबिवलीला आणलं. बाहेरून त्याला हिरवा ऑइल पेंट होता. बाबा गणपतीच्या आधी खिडक्या रंगवायचे, त्यातला उरलेला रंग एका वर्षी त्यांनी या कपाटांना मारला. मला पक्कं आठवत होतं की दाराच्या आतल्या बाजूला, बाबांचा ब्रश पोचला नव्हता तिथे, लाल रंग होता आणि त्यावर पिवळी वेल. मी पाच-सहा वर्षांची असेन. तूप काढायला आईने दार उघडलं की मी त्या वेलीवरून बोट फिरवायचे. पुढे कधीतरी आतूनही हिरवा रंग लागला आणि वेल गेली.

दादाला मी म्हटलं, हे कपाट पुन्हा तसंच लाल करायचं, वेलीसकट. तो फोनवर म्हणाला, "अगो, लाकडाक कोण रंग मारता? सागवान आसा ता. खरवड आणि पॉलिश कर, नायतर सनमायका लाव." आणि वेल वगैरे काही नव्हतीच म्हणे, ते मी सावंतवाडीच्या पाटांवर पाहिलं असेल आणि डोक्यात कपाटाशी जोडलं असेल. हे मला फार लागलं. रंगाबद्दल काय वाटेल ते म्हणावं, पण आईच्या हाताखालची ती वेल माझ्या आठवणीतून पुसायला निघाला तो.

मे महिन्यात सुट्टी टाकून काम काढलं. कपाटाचे पाय फरशी धुऊन धुऊन खालून कुजले होते, ते सुताराकडून दोन बोटं कापून घेतले. कापलेली बाजू पिवळीधमक निघाली. कोकणात वाढलेल्या माणसाला तो पिवळा रंग सांगावा लागत नाही. ते फणसाचं लाकूड होतं, सागवान नव्हेच. दाराची एक फळी तर तिसऱ्याच कुठल्यातरी लाकडाची, मागाहून बदललेली. म्हणजे हे कपाट पॉलिश करून मिरवण्यासाठी बनलंच नव्हतं. फणसाला पॉलिश सुंदर होतं, ते मी नाकारत नाही. पण दोन जातींच्या लाकडाचं, जोड दिलेलं कपाट रंगानेच एक दिसतं, आणि ते बनवणाऱ्याला हे ठाऊक होतं.

मग दारं उतरवायला बिजागऱ्या काढल्या. पितळी बिजागरीची पट्टी उचलली तर तिच्याखाली बोटभर जागेत लाल रंग, आणि त्यावर अर्धं पिवळं पान, काळ्या रेघेने कडा ओढलेलं. बाबांनी बिजागरी न काढताच वरून हिरवा मारला होता, म्हणून ते राहिलं. मी तिथेच फरशीवर बसून राहिले बराच वेळ. फोटो काढून दादाला पाठवला. त्याचं उत्तर आलं, "बरं."

त्या अर्ध्या पानावरून पुढची वेल कशी उभी करायची हे मला येत नव्हतं. म्हणून तशीच गावी गेले आणि सावंतवाडीच्या राजवाड्यात जाऊन बसले. तिथे दरबार हॉलमध्ये कारागीर गंजिफा आणि लाखकामाच्या वस्तू रंगवतात. गंजिफा म्हणजे हाताने रंगवलेले गोल पत्ते. दशावतारी संचात दहा अवतारांचे दहा गट, प्रत्येकाचे बारा, असे एकूण १२० पत्ते. विसाव्या शतकात ही कला सावंतवाडीत जवळपास संपली होती. तिथल्या राजघराण्यातले शिवरामराजे भोसले आणि सत्वशीलादेवी भोसले यांनी ती पुन्हा उभी केली. सत्वशीलादेवी स्वतः पुंडलिक चितारी या वयोवृद्ध कारागिराकडून ती शिकल्या. जुन्या पद्धतीत कापडाला चिंचोक्याची खळ आणि खडूची पूड यांचे थर देतात, दगडाने घोटून गुळगुळीत करतात, आणि मगच रंग लागतो. रंगवणं दिसतं ते शेवटी. त्याआधीचा घोटण्याचा वेळ कुणी मोजत नाही.

दोन तास बसून मी जे शिकले ते कुठल्या व्हिडिओत मला दिसलं नव्हतं. एक, कारागीर हात फारसा फिरवत नव्हता, वस्तू फिरवत होता. पान काढताना ब्रश नेहमी त्याच्याकडेच ओढला जायचा आणि डावा हात पत्ता हळूहळू वळवायचा. दोन, आधी सगळे सपाट रंग भरून वाळू दिले आणि काळी रेघ अगदी शेवटी ओढली. रंग कडेला थोडा इकडेतिकडे गेला असेल तर ती रेघ झाकून घेते.

तुमच्या स्टेन्सिलच्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. दारं बिजागरीवरून उतरवा, टेबलावर आडवी ठेवा आणि स्वतःकडे वळवत वळवत हाताने काढा. उभ्या दारावर ब्रश चालवला तर रंग ओघळतो, हात कापतो, आणि मग माणूस म्हणतो मला जमत नाही. स्टेन्सिलची सगळी फुलं तंतोतंत एकसारखी येतात, ती छापील कापडासारखी दिसतात. सराव म्हणून जुन्या पाटावर किंवा पुठ्ठ्यावर शंभर पानं काढा. माझी चाळिसाव्या पानानंतर बरी यायला लागली.

दारांची तयारी तुम्हाला माहीत असेलच: सोड्याच्या कोमट पाण्याने तेलकटपणा काढणं, पॉलिश पेपर, लांबी, प्रायमर, दोन हात. स्वयंपाकघरातल्या कपाटाचा तेलकट थर आधी धुऊन काढला नाही तर पुढचं सगळं वाया जातं, एवढंच पुन्हा सांगते. पेपर मारून तेल जात नाही, ते लाकडात आणखी चोळलं जातं. मी वापरला तो साधा ऑइल इनॅमल, एक लिटर पुरून उरला. नक्षीलाही त्याचेच छोटे डबे घेतले आणि थोडं टर्पेंटाइन घालून पातळ केले. आधी हौसेने चित्रकलेचे अ‍ॅक्रिलिक रंग आणले होते. चकचकीत इनॅमलवर ते नखाने सोलून निघाले, म्हणून सगळं पुसून पुन्हा केलं. इनॅमल रात्रभरात हाताला वाळतो, पण कडक व्हायला दोन आठवडे तरी द्या. दारं घाईने बसवली तर ती चौकटीला चिकटतात आणि उघडताना पापुद्रा निघतो. पावसाळ्यात हे काम काढूच नका.

किती वर्षं टिकेल, तर माझ्या कपाटाला सहा वर्षं होऊन गेली. मुठीजवळ बोटं लागून लागून रंग उडाला तेवढा एकदा भरून घेतला, एका संध्याकाळचं काम. सनमायकाची कड एकदा उचलली की तिथून पाणी आणि झुरळं दोन्ही आत जातात, आणि तुम्हाला पुन्हा सुताराला फोन करावा लागतो. रंगाचं तसं नाही. जिथे गेला तिथे पुन्हा लावता येतो, तो लावणारा हात घरातलाच असतो.

भिंतीबद्दल मला कमी सांगता येईल. माझ्या हॉलच्या भिंतीवर मी जमिनीपासून वीतभर उंचीचा कावेच्या, म्हणजे गेरूसारख्या लाल रंगाचा पट्टा आणि त्यावर पांढरी वेल काढली. आमच्या भागातल्या आणि गोव्यातल्या जुन्या देवळांतलं कावीकाम डोक्यात होतं. ते खरं तर वेगळंच असतं: चुन्याच्या ओल्या गिलाव्यावर लाल थर देऊन तो कोरायचा आणि खालचा पांढरा उघडा करायचा. मी फक्त रंगाने तसं दिसेल असं केलं, साध्या इमल्शनमध्ये. सूत मारून सरळ रेघ घेतली. भिंत काही फिरवता येत नाही, त्यामुळे तिथे स्टेन्सिल वापरलंत तरी मी काही बोलणार नाही. बाहेरच्या बाजूच्या भिंतीवरचा भाग पहिल्याच पावसात पोपडे धरून पडला, कारण भिंतीत ओल होती. आधी ओल बंद करा, मग नक्षी. आणि एका भिंतीला टेक्स्चर पेंट मारून घेण्याच्या भानगडीत पडू नका. त्या खाचांत धूळ बसते आणि ती पुसताना जीव जातो.

आता हे सगळं वाचून लगेच उठण्याआधी दोन गोष्टी. माझं कपाट भरीव लाकडाचं आहे. तुमच्या कपाटांवर आधीच सनमायका असेल तर वरची पद्धत जशीच्या तशी चालणार नाही. आधी पेपरने त्याची चकाकी पूर्ण मारावी लागेल आणि गुळगुळीत पृष्ठभाग धरणारा खास प्रायमर लागेल. आतून भुशाचा बोर्ड असेल आणि तो सिंकजवळ पाणी पिऊन फुगला असेल तर त्यावर रंगाचा खर्च करू नका, ते दार बदला.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची, आणि ती मी वरच लिहायला हवी होती. जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं असू शकतं. आपल्याकडे घरगुती रंगातल्या शिशाला ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा घालणारा नियम नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या थरांचा भरवसा नाही. मी तो हिरवा रंग कोरडाच खरवडला, तोंडाला नुसती ओढणी बांधून, घराच्या आत. ते चुकलं. तुम्ही पाणी मारत ओला पेपर वापरा, चांगला मास्क घाला, काम गॅलरीत करा, निघालेला चोथा ओल्या फडक्याने गोळा करा. लहान मुलं किंवा गरोदर बाई घरात असेल तर खरवडण्याचं काम त्यांच्यापासून पूर्ण दूर करा.

दादा आता म्हणतो, एका बिजागरीखाली रंग सापडला म्हणून काय झालं, कुणीतरी नंतर मारला असेल. बिजागरीच्या खाली नंतर रंग कोण मारेल? भांड्यांचं कपाट त्याच्याकडेच आहे. त्याला त्याने दोन वर्षांपूर्वी लाकडासारखा दिसणारा तपकिरी सनमायका लावून घेतला. लाकडाला रंग कोण मारतं असं मला विचारणाऱ्या माणसाने लाकडाचं चित्र लाकडावर चिकटवलं. सुताराने बिजागऱ्या जुन्याच ठेवल्या आहेत, मी गणपतीला गेले तेव्हा पाहिल्या. वरच्या बिजागरीचे तीन स्क्रू काढून बघ, असं मी त्याला चार वेळा सांगितलंय. अजून त्याने काढलेले नाहीत. यंदा जाताना स्क्रूड्रायव्हर घेऊनच जाणार आहे.