कुपनं शोधायला नुकती सुरुवात केलीय? मग एवढंच बघा

पहिल्याच दिवशी दहा अ‍ॅप डाउनलोड करू नका. आधी महिन्याच्या वाणसामानाची यादी करा आणि त्यातल्या वस्तूंसाठीच कुपन शोधा. कुपन दिसलं म्हणून वस्तू घेतली, तर बचत कसली!

सुरुवातीला दोन जागा पुरेत:
– पैसे भरायच्या पानावरचा ‘ऑफर’ भाग. तुमच्या बँकेच्या कार्डावरची सूट बहुधा तिथेच दडलेली असते.
– यूपीआय अ‍ॅपमधली स्क्रॅच कार्डं. यांची मुदत मात्र आधी बघा.

नवखे हमखास फसतात ते ‘५० रुपये सूट’ला. खाली बारीक अक्षरात ‘किमान खरेदी ४९९’ असतं. यादी ३५० ची, मग १४९ ची नको ती बिस्किटं भरायची आणि ४४९ मोजायचे. म्हणजे खिशातून ९९ जास्तच गेले, डिलिव्हरीचे वेगळे. पाकिटावर एमआरपीजवळ ग्रॅममागचा दर छापलेला असतो, तो वाण्याकडच्या सुट्या मालाशी ताडून बघा. कधी कधी वाणीच स्वस्त पडतो, कुपनबिपन काही नको.

आणि हो, कॅशबॅक ‘जमा करायला’ कुणी यूपीआय पिन मागितला, तर तिथेच थांबा. पैसे यायला पिन लागत नाही. क्रेडिट कार्डाच्या पॉइंटांचं गणित नंतर बघू.