जिचा तोटा लवकर लक्षात येत नाही, अशी आजची सोय कोणती?

मी लातूरचा. मला विचाराल तर घरचा बोअर.

आमच्याकडे प्लॉटवर पायाच्याही आधी बोअरची गाडी येते. पाण्यात बुडणारी सबमर्सिबल मोटार टाकली, गच्चीवर टाकी बसली की पाण्याचा विचार डोक्यातून जातो. आडात डोकावलं की पाणी किती खाली गेलं ते दिसायचं. दोर जास्त सोडावा लागला की घरातली माणसं आपोआप जपून वापरायची. बोअरमध्ये काहीच दिसत नाही. मोटार कालच्यासारखीच चालते आणि एका सकाळी नळातून नुसती हवा येते. मग दुसरा बोअर, आणखी खोल.

मराठवाड्याचा बहुतेक भाग काळ्या पाषाणावर वसलाय. पावसाचं पाणी साठतं ते मुख्यतः वरच्या मुरमाच्या आणि भेगाळलेल्या थरात. खालचा खडक घट्ट. एखादी भेग लागली तर पाणी, नाहीतर नुसता फुफाटा. खोलातलं पाणी उपसलं तर भरून यायला फार काळ जातो. २००९ च्या महाराष्ट्र भूजल कायद्यात ६० मीटर किंवा त्याहून खोल विहिरीला 'खोल विहीर' धरलंय. म्हणजे साधारण दोनशे फूट! इथं पाचशे-सातशे फुटांच्या गोष्टी सर्रास चालतात. पैसेवाला खाली खाली जातो आणि हातपंपावरची गल्ली कोरडी पडते. मला सगळ्यात जास्त टोचतं ते हेच.

१२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वे लातूरला आली. शहराला पाणी देणारं मांजरा धरण आटलं होतं, हे खरंच. पण तेव्हा शहरात बोअर काय कमी होते?

बोअर बुजवा असं मी म्हणत नाही, आमचंही त्यावाचून भागत नाही. पण गच्चीचं पाणी तरी जमिनीत सोडा. हजार चौरस फूट गच्चीवर ६०० मिलिमीटर पाऊस पडला तर पन्नास हजार लिटरच्या वर पाणी होतं. ते थेट केसिंगमध्ये, म्हणजे बोअरच्या तोंडाच्या पाइपात, मात्र सोडू नका. गच्चीवरची घाणही सोबत खाली जाते. पहिल्या सरीचं पाणी बाहेर जाऊ द्या, नंतरचं वाळू-खडीच्या शोषखड्ड्यातून मुरवा. घर बांधतानाच हे केलं तर खर्च फारसा येत नाही. मिस्त्रीला पाइप टाकायच्या आधी सांगा.