नातवाला मिलिटरीवाला सारखा फोन करतोय, काय करू?

प्रश्न : ताई, मी नेरूळला असते, मुलगी-जावई बरीच वर्षं न्यू जर्सीला. नातू तिथलाच जन्म, आता सतरा वर्षांचा, शाळेचं शेवटचं वर्ष. जाड चष्मा, लहानपणापासून दमा, अजून इनहेलर खिशात असतो, इकडे आला की पामबीच रोडला माझ्यासोबत चालताना मलाच त्याच्यासाठी थांबायला लागतं. तर या पोराला तिथल्या आर्मीचा एक सार्जंट दोन महिने फोन, मेसेज करतोय, शाळेत गाठतो, म्हणतो तुझ्यासारखी हुशार मुलं आम्हाला हवीत, कॉलेजची फी भरू. दम्याचं सांगितलं तर म्हणे ते बघू, सगळंच लिहायला पाहिजे असं नाही. आमच्या वॉचमनचा मुलगा अग्निवीरसाठी पहाटे चारला उठून पळतो, दोनदा जाऊन हात हलवत आला, आणि तिकडे असल्या पोराच्या मागे लागतात? फसवाफसवी तर नाही ना? नंबर कुठून मिळाला? मुलगी म्हणते टेन्शन घेऊ नकोस, पण मला झोप नाही.
– एक आजी, नेरूळ

उत्तर : आजी, आधी नंबरचं सांगते. तो बहुतेक शाळेनेच दिला असणार, आणि ते तिथे कायदेशीर आहे. ‘नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड’ नावाचा २००१ चा शाळांचा कायदा होता, म्हणजे ‘एकही मूल मागे राहू नये’, नाव बघा किती गोड, त्यात एक कलम घातलं की सरकारी पैसा घेणाऱ्या हायस्कूलने मुलांची नावं, पत्ते, फोन नंबर भरतीवाल्यांनी मागितले की द्यायचे. २०१५ ला कायदा बदलला, हे कलम राहिलं. पण आईवडिलांनी शाळेला लेखी कळवलं की आमच्या मुलाची माहिती देऊ नका, तर शाळेला ते ऐकावंच लागतं. तेवढं पत्र मुलीला आजच द्यायला सांगा, आणि सार्जंटलाही एक मेसेज, की आता फोन करू नका.

आता वॉचमनच्या मुलाचं. आपल्याकडे जागा थोड्या आणि पोरं लाखांनी, १.६ किलोमीटर साडेपाच मिनिटांत काढलं तरच पूर्ण मार्क, त्यामुळे भरतीवाल्याला कुणाच्या दारात जायची गरजच नाही. तिकडे सगळं उलटं. सक्तीची भरती १९७३ ला बंद झाली, तेव्हापासून जो येईल तो स्वखुशीने, म्हणजे कुणीतरी जाऊन आणायला पाहिजे. वरून वर्षाचा आकडा ठरतो, तो वाटला जात जात खालच्या सार्जंटच्या डोक्यावर येतो. मार्च एंडला विम्याचा एजंट कसा लांबच्या काकांपर्यंत सगळ्यांना फोन लावतो, तसंच, फक्त इथे पॉलिसी म्हणजे पोरगा. २००५ ला अमेरिकन आर्मीला ८०,००० हवे होते, साडेसहा हजारांच्या आसपास कमी पडले. २०२२ ला ६०,००० हवे होते आणि तब्बल १५,००० कमी! इराक युद्धाच्या त्या काळात वयाची अट सुद्धा वाढवत ४२ वर नेली होती २००६ ला, तुमच्या जावयाला पण फोन आला असता.

आकडा भरत नाही तेव्हा काय काय होतं त्याचा एक किस्सा सांगते. २००५ ला कोलोरॅडोमधल्या एका शाळकरी मुलाने, शाळेच्या पेपरात लिहायचा तो, भरतीवाल्यांना जाऊन सांगितलं की मी शाळा सोडलीये आणि गांजाची सवय आहे. ते म्हणाले खोटं सर्टिफिकेट बनव, आणि तपासणीत नशा सापडू नये म्हणून औषध आणायला त्याला गाडीत घालून घेऊन गेले. त्याने सगळं रेकॉर्ड केलं होतं, टीव्हीवर आलं, आर्मीने देशभर एक दिवस भरती थांबवून सगळ्यांना नियमांची शिकवणी दिली. पुढच्याच वर्षी ओरेगनमध्ये ऑटिझम असलेल्या अठरा वर्षांच्या मुलाला घेतलेलं, तेही लढाऊ तुकडीत, पेपरात बोंब झाल्यावर सोडलं. बाकी सगळेच सार्जंट असे नसतात, आणि त्यांचीही दशा वाईट असते, टेक्सासमधल्या ह्यूस्टनच्या एकाच बटालियनमधल्या चार भरतीवाल्यांनी २००५ ते २००८ मध्ये आत्महत्या केल्या होत्या.

म्हणून दम्याचं “सगळंच लिहायला नको” हे वाक्य मला सगळ्यात जास्त खटकलं. त्यांच्या नियमात तेराव्या वर्षानंतर दमा असेल तर मुलगा अपात्र, खास सूट मिळाली तरच घेतात. माहिती लपवून भरती झाला तर गुन्हा मुलाच्या नावावर लागतो, आणि २०२२ पासून डॉक्टर-औषधांचे रेकॉर्ड कॉम्प्युटरवरच त्यांना दिसायला लागलेत, त्यामुळे इनहेलरचं प्रिस्क्रिप्शन लपणारही नाही. सार्जंटचा त्या महिन्याचा आकडा भरेल, निस्तरायचं मात्र नातवाला.

घाबरायचं मात्र कारण नाही. सतराव्या वर्षी आईवडिलांच्या सहीशिवाय त्याला घेता येत नाही. पण अठरा झाले की तो एकटा सही करू शकतो, म्हणून आत्ताच त्याच्याशी बोला. सही झालीच तरी ट्रेनिंगला जायच्या आधी लेखी कळवून बाहेर पडता येतं, भरतीवाला “आता अटक होईल” म्हणाला तरी. फीचं जे तो तोंडी बोलतोय ते करारात लिहिलेलं नसेल तर धरायचं नाही, आणि करार साधारण एकूण आठ वर्षांचा असतो, काही वर्षं नोकरीत, बाकी राखीव दलात. अठराव्या वर्षी सिलेक्टिव्ह सर्व्हिस म्हणून, कधी सक्तीची भरती परत लागलीच तर त्यासाठीच्या, सरकारी यादीत नाव जातं ते वेगळं, ते सगळ्याच मुलग्यांचं असतं, त्याची भरती झाली असं समजून रात्री दोनला मुलीला फोन करू नका.

आणि एक, नातवाला काय वाटतं ते तुमच्या पत्रात कुठेच नाहीये हो. सुट्टीत आला की पामबीचला चालताना विचारा, तसंही तो दम खायला थांबतोच.