टेक्सासच्या गॅल्व्हेस्टनला पहिल्यांदा मासेमारीला जातोयस? ऑक्टोबर धर

पहिली खेप भर उन्हाळ्यात नको. ऑक्टोबर-नोव्हेंबरात उत्तरेचे गार वारे सुटले, पाणी उतरलं, की कोळंबी दलदलीतून गॅल्व्हेस्टन बेमध्ये, म्हणजे तिथल्या खाडीत येते. तिच्यामागे ट्राउट मासा, आणि वर कुरव पक्षी. ते पाण्यावर तुटून पडताना दिसले की इंजिन लांबच बंद कर आणि वाऱ्याबरोबर वाहत जा. थव्यात बोट घातलीस तर मासा बुडालाच म्हणून समज. रेडफिश हा दुसरा मासा मात्र गवताच्या कडेला, गुडघाभर पाण्यात बोय माशांच्या मागे फिरतो. टेक्सासात परवान्यासोबतच्या टॅगशिवाय तो २० ते २८ इंचांचाच ठेवता येतो, मोजपट्टी जवळ असू दे. कडाक्याच्या थंडीत ट्राउट खोल, चिखलाच्या तळाशी जातो. आमिष अगदी सावकाश ओढ. आणि पाण्यात उतरलास तर पाय घासतच चाल, तळाशी काटा मारणारे पाकट मासे असतात.