पीएसएनआर वाढला, पण यकृतातील लहान गाठ दिसेनाशी का झाली?

मेयो क्लिनिकच्या 2016 सालच्या स्पर्धेतील पोटाच्या सीटी प्रतिमांवर आपण नॉईज (प्रतिमेतील दाणेदारपणा) काढणारे न्यूरल नेटवर्क (उदाहरणांवरून शिकणारी संगणक-प्रणाली) तयार केले, चौथाई एक्स-रे डोसच्या प्रतिमांचा पीएसएनआर (प्रतिमा पूर्ण डोसच्या प्रतिमेशी किती जुळते हे सांगणारा आकडा) वाढला, परंतु रेडिओलॉजिस्टांनी "चित्र प्लास्टिकसारखे दिसते, यकृतातील लहान गाठी पुसल्या गेल्या" असा शेरा दिला, असे आपण लिहिले आहे. माझ्या मते येथे आकड्यापेक्षा रेडिओलॉजिस्टांचा शेरा ग्राह्य धरावा.

डोस चौथाईवर आणला की डिटेक्टरपर्यंत पोहोचणारे फोटॉनही (एक्स-रेचे कण) चौथाई उरतात आणि त्यामुळे प्रतिमेतील नॉईज साधारण दुप्पट होतो. यकृतातील गाठ आणि भोवतालचा भाग यांच्या घनतेत मात्र पुष्कळदा 10-20 हाउन्सफिल्ड युनिटांचाच (सीटीतील घनतेचे एकक) फरक असतो. प्रत्येक पिक्सेलमधील त्रुटीच्या वर्गाची (स्क्वेअरची) सरासरी कमीत कमी ठेवण्यास शिकवलेले नेटवर्क, गाठ आहे की नाही याची शंका असेल तेथे, दोन्ही शक्यतांची सरासरी काढून देते. म्हणजे गाठ फिकट होते. संपूर्ण स्लाइसवर (शरीराच्या एका आडव्या छेदाच्या प्रतिमेवर) मोजलेल्या पीएसएनआरमध्ये एवढ्याशा ठिपक्याची दखलही घेतली जात नाही.

सर्वप्रथम मूळ चौथाई डोसच्या प्रतिमेतून नेटवर्कने दिलेली प्रतिमा वजा करून पाहावी. उरलेल्या चित्रात निव्वळ नॉईज असायला हवा. त्यात रक्तवाहिन्यांच्या कडा किंवा यकृताची बाह्यरेषा दिसली, तर नेटवर्क नॉईजबरोबर शरीररचनाही काढून टाकत आहे. स्पर्धेच्या त्या संचात प्रशिक्षणासाठी अवघे 10 रुग्ण होते, तेव्हा चाचणीसाठीची विभागणी स्लाइसनुसार नव्हे तर रुग्णानुसारच केलेली असावी. शेजारच्या स्लाइस एकमेकींसारख्याच असल्याने अन्यथा निकाल फसवा येतो. (ही चूक मीही एकदा केली आहे.)

पोत परत आणण्यासाठी जीएएन (खऱ्यासारख्या दिसणाऱ्या प्रतिमा निर्माण करणारे नेटवर्क) वापरण्याचा मोह होईल, परंतु जे मूळ प्रतिमेत नव्हते तेही ते रंगवू शकते, म्हणून निदानाच्या कामात मी ते टाळतो. त्याऐवजी मूळ प्रतिमेचा काही अंश परत मिसळून पाहावा. शिवाय 1 मिलिमीटरच्या तीन लगतच्या स्लाइसची साधी सरासरी काढली, तरी, त्यांतील नॉईज परस्परांपासून स्वतंत्र असल्यास, तो सुमारे 1.7 पटीने कमी होतो. आपले नेटवर्क किमान या फुकटच्या उपायापेक्षा सरस ठरते का, हे रेडिओलॉजिस्टांना कोणती प्रतिमा कोणत्या पद्धतीची आहे ते न सांगता, गाठी शोधायला लावून तपासावे.