वाचकांचे प्रश्न : अपंगांची मोजणी कमी का भरते?

प्रश्न : 2011 च्या जनगणनेत मी प्रगणक होते. त्या मोजणीत देशातील 2.21 टक्के लोक अपंग ठरले. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 च्या अहवालात मात्र जगातील प्रमाण सुमारे 16 टक्के दिले आहे. हा फरक आमच्या निष्काळजीपणामुळे पडला का?
– एक निवृत्त शिक्षिका, सातारा जिल्हा

उत्तर : बाई, मुख्य दोष तुमच्या हाती दिलेल्या प्रश्नातच होता. ही व्यक्ती अपंग आहे का, असे विचारायचे आणि उत्तर ‘होय’ आले तर आठांपैकी एका प्रकाराचा क्रमांक लिहायचा, अशी ती पद्धत होती. दारात हा प्रश्न आला की घरातला कर्ता पुरुष सगळ्यांच्या वतीने ‘नाही’ म्हणून मोकळा होतो. त्याच वेळी मोतीबिंदू पिकलेली त्याची आई भिंत चाचपत मोरीकडे जात असते. पण तिला कोणी अपंग समजत नाही, ‘आता वय झालं’ एवढेच म्हणतात. लग्नाच्या मुलीला कमी ऐकू येते, ही गोष्ट तर झाकलीच जाते. त्या मोजणीत पुरुषांचे प्रमाण 2.41 आणि स्त्रियांचे 2.01 टक्के निघाले, यावर माझा म्हणूनच विश्वास बसत नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाने अपंगत्व मोजण्याची पद्धत ठरवायला 2001 मध्ये नेमलेल्या वॉशिंग्टन गटाच्या सहा प्रश्नांत ‘अपंग’ हा शब्दच नाही. चष्मा लावूनही दिसायला त्रास होतो का, चालताना किंवा पायऱ्या चढताना होतो का, असे विचारतात आणि अजिबात नाही, थोडा, खूप, मुळीच जमत नाही यांपैकी एक उत्तर घेतात. सहापैकी एका तरी बाबतीत ‘खूप’ किंवा त्यापुढचे उत्तर आले, तर ती व्यक्ती मोजणीत धरतात. ‘थोडा’ही धरला, तर आकडा कितीतरी वाढतो. (16 टक्के हा मात्र आजारांच्या आकडेवारीवरून बांधलेला अंदाज आहे, त्यातून 2.21 वजा करू नये.)

अपंग आणि इतर यांच्यातली विषमता मोजताना, कोणाला अपंग धरायचे ही रेघ कुठे ओढली, हे आधी पाहावे लागते. 2018 च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत 7 वर्षांवरील अपंगांपैकी 52.2 टक्के साक्षर होते, तर 2017-18 च्या पाहणीत एकूण लोकसंख्येत हेच प्रमाण 77.7 टक्के होते. अपंगांत वृद्ध अधिक आणि वृद्धांत निरक्षर अधिक, म्हणून समवयस्कांची तुलना केल्याशिवाय या दरीतला किती भाग शाळेचे दार बंद राहिल्याचा, हे कळत नाही. अपंगत्वाच्या प्रमाणपत्रांवरून मोजावे, तर 2018 मध्ये ते होते अपंगांपैकी 28.8 टक्क्यांकडेच.

2027 च्या जनगणनेसाठी ओळखीचे कोणी प्रगणक नेमले गेले, तर उंबऱ्यावरून परत न फिरता आजींशी स्वतः बोलायला त्यांना आवर्जून सांगा.